सव्वातीन वर्षांच्या मुलीसह पुणे ते तारकर्ली

जानेवारी 2024 मध्ये मी, माझे पती, सासूबाई आणि आमची सव्वातीन वर्षांची मुलगी असे चौघे पुण्याहून स्वतःच्या गाडीने मालवणजवळच्या तारकर्लीला जाऊन आलो. कोल्हापूरमार्गे पुणे ते मालवण हे अंतर चारशे किलोमीटरच्या आत-बाहेर भरते आणि मोठी माणसे ते एका दिवसात कापू शकतात. त्याच हिशेबाने आदल्या वर्षी आम्ही पहाटे निघून संध्याकाळी पोहोचण्याचा बेत केला होता आणि तो आम्हाला चांगलाच महागात पडला. राधानगरीला मुलीला पोटभर दूध-बिस्किटे दिली, लगेच फोंडा घाट उतरायला घेतला आणि थोडीच वळणे गेल्यावर तिला उलटी झाली. बदलायचे कपडे डिकीतल्या सर्वांत खालच्या बॅगेत होते. घाटात कडेला गाडी लावून, मागून ट्रक येत असताना, रडणाऱ्या मुलीला कडेवर घेऊन सामान उपसण्याचा तो प्रसंग मी विसरू शकत नाही, आणि या वेळचे सारे नियोजन त्यातूनच झाले.

म्हणून आम्ही कोल्हापूरला मुक्काम केला. सकाळी सहाला निघाल्यामुळे मुलगी खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत झोपेतच होती. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके वाटेत लागतात, तेव्हा फास्टॅगमध्ये पुरेशी शिल्लक आदल्या रात्रीच पाहून ठेवावी. साताऱ्याच्या पुढे महामार्ग रुंदीकरणाची कामे सुरू असल्याने जागोजागी वळणरस्ते होते आणि पुणे-कोल्हापूर या सुमारे 230 किलोमीटरला थांबे धरून साडेसहा तास लागले. दर दीड तासाला थांबायचे आणि मुलीला गाडीबाहेर दहा मिनिटे मोकळे पळू द्यायचे, हा नियम आम्ही मोडला नाही. संध्याकाळ रंकाळ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशीच्या घाटाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. सकाळी सातला मुलीला अर्धी इडली आणि थोडे पाणी एवढेच दिले. दूध, तेलकट पदार्थ आणि फळांचा रस पूर्णपणे टाळला. तिची लहान मुलांची कार-सीट गाडीच्या मागच्या सीटवर पक्की बांधलेली असते. ही कार-सीट थोडी उंच असल्यामुळे तिला पुढचा रस्ता दिसतो, आणि घाटात नजर समोर दूरवर राहिली तर मळमळ कमी होते. मोबाइल आणि चित्रांचे पुस्तक राधानगरीपूर्वीच काढून घेतले. दाजीपूरच्या जंगलातून रस्ता जातो तेव्हा खिडकी चार बोटे उघडी ठेवली, आणि सासूबाईंनी तिला झाडावर माकड कोठे दिसते ते शोधायला लावले. एक सुती पिशवी पायाशीच होती: कपड्यांचे दोन जोड, जुना टॉवेल, पाण्याची बाटली, ओले रुमाल आणि चार प्लॅस्टिकच्या पिशव्या. उलटीचे औषध द्यायचे असल्यास ते मुलाच्या डॉक्टरांना विचारून, वजनानुसार मात्रा ठरवूनच द्यावे. घाट सावकाश उतरून आम्ही फोंड्याला पोहोचलो, तेव्हा पिशवी उघडावीसुद्धा लागली नव्हती. तेथून कणकवली आणि कसाल करून दुपारच्या जेवणाला मालवण गाठले. निघण्यापूर्वी कोणता घाट वाहतुकीसाठी खुला आहे, याची खात्री करून घ्यावी.

आमचा मुक्काम तारकर्लीला लागूनच असलेल्या देवबागला होता. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये नारळी-पोफळीची चिंचोळी पट्टी असे हे गाव आहे. लहान मूल बरोबर असेल तर घर नदीच्या बाजूला घ्यावे असे माझे ठाम मत आहे, कारण तिकडे लाटा नसतात आणि मूल अंगणात खेळताना जीव टांगणीला लागत नाही. पाण्याच्या काठी मुलावरची नजर मात्र तिथेही हलवू नये. घरच्या मावशींनी पहिल्याच संध्याकाळी "बाय, जेवलंस मा?" असे विचारत उकड्या तांदळाची पेज पुढे ठेवली. तिखटाला हात न लावणाऱ्या मुलीचे तीन दिवस पेज, घावणे आणि नारळाचा गोड रस यांवर उत्तम निभावले.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी मालवणच्या जेटीवरून सकाळची पहिली होडी पकडावी, कारण आत सावली कमी आहे आणि अकरानंतर तट तापतो. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. तो दिसताच मुलगी आनंदाने ओरडली. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भर समुद्रात गोडे पाणी कसे, हे तिला समजावताना मलाही भरून आले. आत साधारण तासाभराचाच वेळ मिळतो, त्यामुळे सगळा तट फिरण्याचा हट्ट धरू नये.

होडीतील जीवरक्षक जाकिटांबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नका. आम्हाला मिळालेले जाकीट मोठ्यांच्या मापाचे होते. ते घालून खांद्यांवरून वर उचलले, तर मुलीची हनुवटी गळ्यातून आत गेली. म्हणजे पाण्यात ते डोक्यावरून निसटलेच असते. पायांमधून जाणारा पट्टा असलेले मुलांचे जाकीट आम्ही पुण्याहून आणले होते, तेच घातले. लहान मुलांना जलक्रीडांपासून दूरच ठेवावे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुलांसाठी सर्वांत सुखाचा आहे.

थोडी रोकड जवळ ठेवावी, कारण देवबागेत मोबाइलची रेंज अधूनमधून जाते आणि पैसे काढायला मालवणला यावे लागते. ग्रामीण रुग्णालय मालवणातच आहे आणि जिल्हा रुग्णालय ओरोसला. परतताना फोंडा घाट चढायचा असतो, आणि चढणीला गाडी आपोआप सावकाश चालत असल्याने मुलांना त्रास कमी होतो. तरीही सकाळची पेज आम्ही घाट संपल्यावर, दाजीपूरच्या पुढे गाडी थांबवून, डब्यातूनच भरवली.