बांगडा, आमसुलाचा भाऊ आणि नूडल्स: पेनांगच्या कोपितिअममध्ये

जॉर्जटाउनमध्ये 'फ्युजन' अशी पाटी दिसली की मी पुढे चालू लागतो. मलेशियातल्या पेनांगच्या या गावात चिनी, मलाय, तमिळ आणि थाई चवी एकमेकींत मुरून कित्येक पिढ्या झाल्या आहेत, आणि त्या चाखायच्या तर कोपितिअम गाठावं. कोपी हा कॉफीचा मलाय शब्द, तिअम म्हणजे होक्किएन चिनी बोलीत दुकान. गोल टेबलं, डोक्यावर गरगरणारे पंखे आणि दर्शनी बाजूला पाच-सहा गाड्या. मालक फक्त चहा-कॉफी विकतो. गाड्या भाड्याने दिलेल्या असतात आणि बहुतेक गाड्यांवर एकच पदार्थ मिळतो.

आधी टेबल धरायचं. नंबर असला तर लक्षात ठेवायचा, नसला तर गाडीवाल्याला बोटाने टेबल दाखवायचं. ऑर्डर गाडीपाशी जाऊन द्यायची, पैसे बशी टेबलावर आल्यावर. प्रत्येक गाडीचा हिशोब वेगळा, त्यामुळे खिशात १, ५ आणि १० रिंगिटच्या नोटा हव्यात. पेयाचं विचारायला माणूस टेबलाशी येतो. काहीतरी घ्याच, न घेणाऱ्याकडून काही ठिकाणी जादा पैसे घेतात आणि तशी पाटीही लावलेली असते.

कॉफीत नवखा माणूस हमखास फसतो. नुसतं 'कोपी' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली, घट्ट आणि गोड कॉफी येते. 'कोपी ओ' म्हणजे काळी, पण साखर असतेच. काळी बिनसाखरेची हवी तर 'कोपी ओ कोसोंग'. 'कोपी सी'मध्ये इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर असते. दूध हवं पण साखर नको, तर 'कोपी सी कोसोंग' म्हणायचं. साध्या कोपीला 'साखर कमी' सांगून फारसं काही होत नाही, कारण गोडवा डब्यातल्या दुधाचाच असतो. शेवटी 'पेंग' जोडलं की बर्फ. या बिया साखर आणि मार्जरीन घालून काळ्याकुट्ट भाजतात, म्हणून चव किंचित करपलेली लागते. कॉफी बिघडलेली नाही, ती अशीच असते.

पहिली बशी मी लाक्साची, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सची घेतो. पेनांगमध्ये लाक्सा म्हणजे आसाम लाक्सा. आसाम म्हणजे आंबट. आपल्या आसामशी काही संबंध नाही. नारळाच्या दुधाचा लाक्साही मिळतो, पण तो वेगळा मागावा लागतो. आसाम लाक्सात इकान कम्बुंग घालतात, म्हणजे आपला बांगडाच. तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यात सोडतात. आंबटपणा चिंचेचा आणि आसाम केपिंगचा. आसाम केपिंग म्हणजे एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या, आणि ते झाड कोकमाच्याच गार्सिनिया वंशातलं. कोकणातल्या माणसाला पहिल्या घोटाला ओळख पटते. दुसऱ्या घोटाला गवती चहा आणि बुंगा कांतान या आल्याच्या जातीच्या फुलाचा वास येतो आणि ओळख जरा चुकते. खाली तांदळाच्या जाड गोल शेवया, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना.

सोबत चमच्यात हे-को येतं: कोळंबीचं काळं, गोडसर, काकवीसारखं दाट चाटण. ते एकदम ओतू नका. आधी रस्सा तसाच चाखा, मग अर्धा चमचा कालवा. सगळं एकदम घातलं तर माशाची चव दबते आणि उरतो फक्त उग्र गोडवा.

मग चार कोए तिओ, म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स परतून. या गाडीजवळ उभं राहून पाहावं. धगधगत्या कढईत डुकराची चरबी, लसूण, कोळंबी. त्यावर नूडल्स आणि सोया सॉस. नूडल्स बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं. मग मोड आलेले मूग, लसणीची पात आणि अगदी शेवटी शिंपले. दोन-तीन मिनिटांत बशी तयार. चांगला गाडीवाला एका वेळी एकच बशी करतो. चार बश्यांचा माल एकदम टाकला की कढई थंड पडते, मोडांना पाणी सुटतं, नूडल्स चिकटतात आणि तो धुरकट खमंगपणा येतच नाही. रांग हळू सरकते ती त्यामुळे. शिंपले अर्धेकच्चे असतात. पोट नाजूक असेल तर आधीच नको म्हणून सांगा.

काही ठिकाणी तमिळ मुसलमानांची मी गोरेंगची गाडी असते. (मी म्हणजे नूडल्स, गोरेंग म्हणजे परतलेल्या. मराठी माणसाला 'मी एक मी' मागताना हसू येतंच.) या मंडळींना मामक म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ तमिळ मामा. पिवळ्या गव्हाच्या नूडल्स, उकडलेला बटाटा, टोफू, मिरचीच्या लाल सॉसमधलं माकूल. लिंबाची फोड पहिल्या घासाआधीच पिळा. नासी कांदारसाठी मात्र मामकांच्या स्वतंत्र हॉटेलात जावं. नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे कावड. पूर्वी भात आणि कालवण खांद्यावर वाहून विकत. तिथे 'बांजिर' म्हटलं की भातावर रश्श्यांचा पूर येतो.

शाकाहारी लोकांनी 'भाजी आहे' एवढ्यावर विसंबू नये. नाळीची भाजी हिरवीगार दिसते, पण ती बहुधा बेलाचानमध्ये, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या वडीत परतलेली असते. चिनी गाडीवर तेलाऐवजी चरबी असू शकते. खात्रीचं हवं तर 素 हे अक्षर किंवा स्वस्तिकाचं चिन्ह असलेलं चिनी शाकाहारी दुकान शोधा. तिथे बहुधा कांदा-लसूणही वापरत नाहीत. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. त्या दिवसांत पिवळे झेंडे लावलेल्या शाकाहारी गाड्या जागोजागी उभ्या राहतात.

वेळ सकाळी नऊच्या आसपासची बरी. सकाळच्या गाड्या दुपारपर्यंत आवरतात आणि संध्याकाळी त्याच जागेत दुसरे गाडीवाले येतात. प्रत्येकाच्या सुट्टीचा वार वेगळा. गाडी बंद दिसली तर दुकानातच विचारा. उरलेलं बांधून हवं असेल तर 'बुंगकुस' म्हणा, पण चार कोए तिओ बांधून नेऊ नका. बंद पुडीत वाफ धरते आणि हॉटेलवर पोचेपर्यंत त्याचा लगदा झालेला असतो.