रोम मॅरेथॉन आणि नाशिकमधलं एक सर्टिफिकेट

परदेशात मॅरेथॉन पळून आलं की लोक व्हिसाचं विचारतात, तिकिटाचं विचारतात, बूट कुठले घेतले ते विचारतात. मेडिकल सर्टिफिकेटचं कुणीच विचारत नाही. 7 एप्रिल 2019 ला मी रोम मॅरेथॉन पळले. त्या एका कागदासाठी मला माझ्याच गावात जे हेलपाटे घालावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी नियम सांगते. स्पर्धेत उतरणाऱ्याची वैद्यकीय तपासणी झालेलीच हवी, हा इटलीत 1982 पासूनचा सरकारी दंडक आहे. मी गेले तेव्हा परदेशी धावपटूंनी आपल्या देशातल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं तरी चालत होतं, पण तपासण्या इटलीनं ठरवलेल्याच हव्या होत्या: डॉक्टरांनी अंगाला हात लावून केलेली तपासणी, लघवीची पूर्ण तपासणी, स्पायरोमेट्री (म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणं), एक ईसीजी स्वस्थ पडून आणि एक दमल्यावर. सोबत इटलीच्या अ‍ॅथलेटिक्स फेडरेशनचं रनकार्ड, म्हणजे स्पर्धेत पळण्यासाठीचं ओळखपत्र, ते घरबसल्या ऑनलाइन मिळालं. या नियमाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आपल्याकडे कितीतरी स्पर्धांत 'मी तंदुरुस्त आहे' या चौकोनात टिक केली की काम झालं. बेचाळीस किलोमीटर पळायचं तर हृदय तपासून घ्यायलाच हवं.

तर मी सर्टिफिकेटचा फॉर्म घेऊन शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. काउंटरवरच्या मुलीनं तो वाचलाच नाही. "मॅडम, फुल बॉडी पॅकेज घ्या, त्यात सगळं येतं." सगळं येत नव्हतं. साखर, थायरॉइड, सोनोग्राफी होती, स्पायरोमेट्री नव्हती. आपल्याकडे तिला पीएफटी म्हणतात आणि ती छातीच्या विभागात होते. अपॉइंटमेंट वेगळी, पावती वेगळी. दमल्यावरचा ईसीजी म्हणजे टीएमटी. तिथल्या माणसानं विचारलं, "छातीत दुखतंय का?" नाही म्हटलं. "मग कुणी पाठवलं?" चिठ्ठीशिवाय टीएमटी होणार नाही म्हणाला. चिठ्ठी आणली, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चढले, रिपोर्ट नॉर्मल आला.

एवढं एकवेळ समजू शकते. खरं घोडं अडलं ते सहीपाशी. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, मी फक्त टीएमटीचा रिपोर्ट देतो, फिटनेसचं सर्टिफिकेट फिजिशियन लिहितील. फिजिशियन म्हणाले, प्रश्न हृदयाचा आहे, वरच्या मजल्यावरूनच घ्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी फिजिशियनांच्या असिस्टंटनं एक छापील कागद पुढे सरकवला: कामावर रुजू होण्यास तंदुरुस्त. मी म्हटलं, मला कामावर रुजू व्हायचं नाहीये. स्पर्धात्मक अ‍ॅथलेटिक्ससाठी पात्र असं स्पष्ट हवं, चारही तपासण्यांची नावं आणि तारखा हव्यात.

"एवढं आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही."

"मग लेटरहेडवर हातानं लिहून द्या."

"त्याला सुपरिंटेंडेंट सरांची परवानगी लागेल. सर रजेवर आहेत." आणि वर, "मॅडम, या वयात कशाला एवढं पळायचं?"

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे रिपोर्ट त्यांचे, त्यांच्याच मशीनवर काढलेले, सगळे नॉर्मल, आणि त्यांच्याच जोरावर एक ओळ लिहायची कुणाची तयारी नव्हती. पैसे घेताना फॉरमॅट आडवा आला नव्हता. पळणारी बाई आजारी नसताना दारात आली, तर तिला कुठल्या खिडकीत पाठवायचं हेच त्या इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. यात नुकसान माझ्या एकटीचं नाही. पळणाऱ्या माणसानं आधी तपासून घ्यावं असं आपण म्हणतो, आणि तो तपासायला आला की त्याला असं परतवून लावतो.

सुटका केली आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. चष्मा लावून त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "अगं, यात न लिहिण्यासारखं काय आहे?" रक्तदाब बघितला, छाती तपासली, गुडघे दाबून पाहिले, एकेका रिपोर्टची तारीख उतरवून घेतली. शिक्का पुसट उमटला, नोंदणी क्रमांक वाचता येईना, म्हणून पॅडवर दाबून पुन्हा मारला. तो कागद पहिल्या फटक्यात मंजूर झाला. तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात फक्त तपासण्या करा आणि सही तुम्हाला ओळखणाऱ्या एमडी डॉक्टरांची घ्या. नियम बदलत असतात, त्यामुळे नाव नोंदवण्याआधी त्या वर्षीची अट वाचा, आणि विमानाचं तिकीट हे सगळं उरकल्यावरच काढा.

व्हिसा, प्रवास, बिब (छातीवर लावायचा नंबर), सगळं सुरळीत झालं. सर्टिफिकेटची मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको. हॉटेलचा नाश्ता शर्यतीच्या दिवशी वेळेवर मिळेल याची खात्री नसते. मी दशम्या, खजूर आणि राजगिऱ्याची वडी नेली होती. एप्रिलमध्ये रोमचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, ते फायद्याचं आहे: पहाटे पाचला उठणं शरीराला साडेआठसारखं वाटतं, गजरही लागत नाही.

शर्यत सुरू होते कोलोसियमजवळच्या व्हिया देई फोरी इंपेरियालीवर. जवळच कॉन्स्टंटाइनची कमान आहे. 1960 च्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं अनवाणी पळून मॅरेथॉनचं सुवर्णपदक जिंकलं, ती शर्यत तिथंच संपली होती. ती कमान बघून मला भरून आलं. नंतर मात्र पायाखाली सॅम्पिएत्रिनी येतात, म्हणजे बसाल्टचे बुटके, काळे चौकोनी दगड, माथा गुळगुळीत आणि मध्ये फटी. पाऊल सपाट पडतच नाही, घोट्याला सतत सावरावं लागतं. मी सरावाला पहाटे गोदाघाटाजवळच्या जुन्या गल्ल्यांमधून पळायचे, त्याचा उपयोग झाला. पातळ तळाचे बूट नेऊ नका. शेवटच्या टप्प्यात पाय बधिर झाले होते, तरी मी चालले नाही, पळतच आत आले. याचा मला अभिमान आहे.

आणखी एक राहिलं. सर्टिफिकेट आणि रनकार्ड दोन्ही वर्षभर चालतात. एवढा खटाटोप करणारच असाल, तर त्याच कागदावर ऑक्टोबरातली व्हेनिस किंवा नोव्हेंबरातली फ्लोरेन्स मॅरेथॉनही बसते का, ते तारखा लावून आधीच बघून ठेवा.