तुम्ही विचारलंत म्हणून : मान्यता तर मिळाली, आता शांतता येईल का?

व्याख्यान कुठल्याही विषयावरचं असो, प्रश्नोत्तरांत कुणीतरी हात वर करतंच. "मॅडम, आता ब्रिटन-फ्रान्सनेसुद्धा पॅलेस्टाईनला मान्यता दिली. म्हणजे तो देश झाला ना? मग आता तरी तिथला रक्तपात थांबेल का?" विचारणारे कधी विद्यार्थी असतात, कधी निवृत्त गृहस्थ. बहुतेकांच्या आवाजात खरी कळकळ असते. सभागृहात पाच मिनिटांत जे सांगता येतं त्याने माझंच समाधान होत नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, नुसत्या मान्यतेने शांतता येणार नाही. तरीही मी मान्यतेच्या बाजूने आहे, आणि मान्यता देऊन हात झटकून मोकळं होणाऱ्यांवर माझा राग आहे.

आधी काय झालं ते सांगते. २१ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल यांनी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली, दुसऱ्या दिवशी फ्रान्सने. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी १५७ देशांची मान्यता त्यामुळे झाली. पण मान्यता आणि सदस्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता प्रत्येक देश आपापली देतो. सदस्यत्वासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते आणि तिथे घोडं अडतं. १८ एप्रिल २०२४ रोजी १५ पैकी १२ देशांनी बाजूने मत दिलं, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ राहिले आणि एकट्या अमेरिकेच्या नकाराधिकाराने ठराव पडला. महासभेत पॅलेस्टाईन २०१२पासून आहे तेच आहे : सदस्य नसलेलं निरीक्षक राष्ट्र. सप्टेंबर २०२५मध्ये न्यूयॉर्कला मान्यतेच्या घोषणा चालू होत्या तेव्हा त्या राष्ट्राचे अध्यक्ष महमूद अब्बास मात्र तिथे नव्हते. अमेरिकेने त्यांना व्हिसाच दिला नव्हता. त्यांचं भाषण पडद्यावर ऐकवण्यात आलं.

मग तो देश आहे की नाही? १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात राष्ट्राच्या चार कसोट्या आहेत : कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार, आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. वर्गात या मी फळ्यावर लिहून देते. पण कसोट्यांवरून तुम्हाला तिथलं जगणं कळणार नाही. त्यासाठी मी मुलांना एका टपालाची गोष्ट सांगते.

ऑगस्ट २०१८. पॅलेस्टाईनचे दोन तुकडे आहेत, गाझा आणि वेस्ट बँक; त्यातल्या वेस्ट बँकमधल्या जेरिको शहरात टपाल कर्मचारी पोत्यांच्या ढिगाऱ्यात बसून पत्रं निवडत होते. दहा टनांहून जास्त टपाल. त्यातलं काही २०१०पासून अडकून पडलेलं. पॅलेस्टिनींच्या नावे परदेशातून जॉर्डनमार्गे आलेलं हे सगळं टपाल इस्रायलने सीमेवर रोखून धरलं होतं आणि ते एकदाच, सद्भावना म्हणून सोडलं. त्यात पत्रं होती, पार्सलं होती, औषधं होती, एक व्हीलचेअर होती. ज्याने ती मागवली असेल त्याने एवढी वर्षं काय केलं असेल? त्या वेळी पॅलेस्टाईनला मान्यता देणारे देश शंभराच्या कितीतरी पुढे गेले होते. स्वतःच्या नावावर आलेलं पार्सल सोडवून घेण्याची ताकद त्या मान्यतेत नव्हती.

आणखी सांगते. वेस्ट बँकमध्ये मोबाइलवर थ्री-जी इतक्या उशिरा, २०१८ साली सुरू झालं, कारण लहरींची परवानगी इस्रायल देतो. ओळखपत्र पॅलेस्टिनी प्राधिकरण, म्हणजे तिथलं मर्यादित अधिकारांचं सरकार, छापतं, पण लोकसंख्येच्या नोंदवहीवर शेवटचा शब्द इस्रायलचा. चलनही इस्रायलचंच, शेकेल. बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात इस्रायल गोळा करतो आणि ती प्राधिकरणाला द्यायची असं १९९४च्या पॅरिस करारात ठरलं आहे. प्राधिकरणाच्या महसुलाचा अर्ध्याहून मोठा वाटा हाच. तो इस्रायल वेळोवेळी कापतो, अडवतो. २०२५मध्ये तर महिनोन्‌महिने काहीच पाठवलं नाही, आणि शाळेतल्या शिक्षकांना कित्येक महिने अर्धामुर्धा पगार घेऊन वर्गावर जावं लागलं. मी स्वतः शिक्षिका आहे, त्यामुळे ही बातमी मला बॉम्बच्या बातमीइतकीच लागते. ज्या राष्ट्राला आपल्या मास्तरांचा पगार आपल्या तिजोरीतून देता येत नाही त्याला आपण राष्ट्र म्हणतो आहोत.

आपल्याकडच्या लोकांना हे एका वाक्यात कळतं : सातबाऱ्यावर नाव लागलंय, ताबा दुसऱ्याकडे आहे. आणि ताबा नसताना नाव लागण्याचा काय उपयोग, असं कुठलाही शेतकरी म्हणणार नाही. नाव लागलं नाही तर ताबा मागायलाही तोंड उरत नाही.

शांततेचा मुद्दा मला इथेच महत्त्वाचा वाटतो. इस्रायल आणि पीएलओ (पॅलेस्टाईन मुक्ती संघटना) यांच्यातल्या १९९३च्या ओस्लो कराराचा तो फोटो सगळ्यांच्या लक्षात आहे : इस्रायलचे पंतप्रधान राबिन, पीएलओचे नेते अराफत, मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन हात पसरून उभे. त्याआधी चार दिवस, ९ सप्टेंबरला, दोन्ही बाजूंनी एकमेकांना पत्रं दिली होती. पीएलओने इस्रायल या राष्ट्राचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. बदल्यात इस्रायलने मान्य केलं ते एवढंच की पीएलओ ही पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी आहे. राष्ट्राचा उल्लेख नाही. जेरुसलेम, निर्वासित, पॅलेस्टिनी जमिनीवर इस्रायलने वसवलेल्या वसाहती, सीमा हे सगळे अवघड प्रश्न शेवटच्या बोलण्यांवर ढकलले गेले. राबिन यांची ४ नोव्हेंबर १९९५ला एका ज्यू अतिरेक्यानेच हत्या केली, हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने आत्मघातकी स्फोटांचा सपाटा लावला, आणि ती शेवटची बोलणी कधी शेवटाला पोचलीच नाहीत. दरम्यान वसाहती वाढत राहिल्या. करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये सव्वा लाखाच्या आत इस्रायली वसाहतवाले होते, आज पाच लाखांच्या आसपास आहेत. वेस्ट बँकचा साधारण ६० टक्के भाग, ज्याला 'सी' क्षेत्र म्हणतात, पूर्णपणे इस्रायलच्या हातात आहे.

म्हणजे आधी शांतता, मग राष्ट्र, असा क्रम लावला गेला होता. आणि शांतता झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे राहिला. त्या पक्षाला घाई असण्याचं कारण काय?

याउलट उदाहरण तिथेच शेजारी आहे. इजिप्तशी इस्रायलची चार युद्धं झाली. १९७९मध्ये करार झाला, १९८२पर्यंत इस्रायलने जिंकलेला सिनाईचा जवळजवळ सगळा प्रदेश इजिप्तला परत गेला, तिथली यामित नावाची वसाहत इस्रायलच्याच सैन्याने रिकामी केली, घरं पाडली. बेगिनसारखा कडवा उजवा पंतप्रधान होता तेव्हा. १९९४मध्ये जॉर्डनशी करार झाला. दोन्ही करार ताणले गेले, राजदूत परत बोलावले गेले, पण गाझाच्या या भीषण युद्धातसुद्धा तुटले नाहीत. देशाने देशाशी केलेली शांतता टिकली आहे. ज्यांना देश नाही त्यांच्याशी शांतता करा, असं म्हणत राहिलं की शांतता कुणाशी करायची हाच प्रश्न उभा राहतो, आणि मग बंदूकवाला म्हणतो, माझ्याशी बोला. तसं होऊ नये म्हणून मी मान्यतेच्या बाजूने आहे.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. हा मला एका जुन्या स्नेह्यांनी विचारला, त्यामुळे तो टाळणं शक्य नाही. त्यांचं मूळ गाव पेणजवळचं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणायचे. कोकणातून १९४८नंतर हजारोंनी इस्रायलला गेलेल्या या समाजातल्या अनेक कुटुंबांसारखं त्यांचंही आता सगळं अश्दोदला आहे. मराठी अजून इतकी अस्सल की वाचताना पेणच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटतं. त्यांनी लिहिलं, "ताई, ७ ऑक्टोबरला आमची माणसं कापली, आणि त्याचं बक्षीस म्हणून तुम्ही देश देताय?"

७ ऑक्टोबर २०२३च्या त्या दिवशी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. त्याला कसलंही 'पण' जोडायची माझी तयारी नाही. मी विचारते ते एवढंच : इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशी दोन राष्ट्रं शेजारी शेजारी हमासला कधी हवी होती? ओस्लो उधळायला तेच पुढे होते. दोन राष्ट्रांचा तोडगा म्हणजे हमासच्या स्वप्नाचा शेवट आहे. १२ सप्टेंबर २०२५ला महासभेने १४२ मतांनी दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा जो न्यूयॉर्क जाहीरनामा मान्य केला, त्यात ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याचा निषेध आहे, हमासने गाझातली सत्ता सोडावी आणि शस्त्रं प्राधिकरणाच्या हवाली करावीत असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारतानेही त्याच्या बाजूने मत दिलं. आणि गाझात ७० हजारांहून जास्त माणसं मारली गेल्याचं तिथलं आरोग्य खातं सांगतं. त्यातल्या पोरांना कुठल्या गोष्टीची शिक्षा? मी स्नेह्यांना हेच कळवलं. त्यांना ते पटलं नाही. आमचं बोलणं मात्र चालू आहे, आणि मला त्याची किंमत वाटते.

पॅलेस्टिनी नेतृत्वाला मी यातून सूट देत नाही. अब्बास जानेवारी २००५मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले आणि अजून खुर्चीवर आहेत. संसदेची शेवटची निवडणूक २००६ची. वेस्ट बँक किंवा गाझातल्या आज पस्तिशीतल्या माणसाने आयुष्यात एकदाही आपलं सरकार निवडलेलं नाही. मान्यता देणाऱ्यांनी निवडणुकीचा आग्रह धरला आहे, अब्बासांनी शब्दही दिला आहे. तो पाळला जातो का, यावर माझी अर्धी आशा टांगलेली आहे.

उरलेली अर्धी आशा इस्रायलवर अवलंबून आहे आणि तिथलं चित्र वाईट आहे. जुलै २०२४मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला. ऑगस्ट २०२५मध्ये जेरुसलेमच्या पूर्वेला 'ई-वन' नावाच्या पट्ट्यात इस्रायली वसाहतीच्या सुमारे ३,४०० घरांच्या योजनेला मंजुरी मिळाली. नकाशा उघडून बघा : वेस्ट बँकमधल्या रामल्ला आणि बेथलेहेम या शहरांच्या मधून, पूर्व जेरुसलेमला वळसा घालत ही पाचर बसते. ती बसली की वेस्ट बँकचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे. पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना यामुळे गाडली जाईल, असं इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी उघड सांगितलं. ऑक्टोबर २०२५मध्ये गाझात युद्धविराम झाला, जिवंत ओलीस घरी परतले, तेव्हा मी टीव्हीसमोर रडले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने जो २८०३ क्रमांकाचा ठराव केला त्यात पॅलेस्टिनी राष्ट्राकडे जाणाऱ्या वाटेचा उल्लेख आहे खरा, पण इतक्या जर-तरांच्या आड की ती वाट कधी सुरू होईल हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग मान्यता देणाऱ्यांनी करायचं काय? करता येण्यासारखं आहे. स्लोव्हेनियासारख्या वीस लाख वस्तीच्या देशाने जून २०२४मध्ये मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२५मध्ये इस्रायली वसाहतींतून येणाऱ्या मालावर बंदी घातली. माल किती येत असेल हा प्रश्न नाही. ही जमीन पॅलेस्टाईनची आहे असं मानलं, तर तिथला माल दुसऱ्याच्या नावाने घेता येत नाही, हा साधा हिशेब त्यांनी पाळला. ब्रिटन आणि फ्रान्सकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

आणि आपण? या प्रश्नावर सभागृहात नेहमी कुजबुज होते. १९४७मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं होतं. पीएलओला मान्यता देणारा पहिला अरबेतर देश आपण, १९७४मध्ये. नोव्हेंबर १९८८मध्ये अल्जिअर्सला पॅलेस्टाईन राष्ट्राची घोषणा झाली आणि तीन दिवसांत आपण मान्यता दिली, ब्रिटन-फ्रान्सच्या सदतीस वर्षं आधी. फेब्रुवारी २०१८मध्ये पंतप्रधान मोदी रामल्लाला गेले. तिथे जाणारे ते पहिलेच भारतीय पंतप्रधान. अम्मानहून जॉर्डनच्या हेलिकॉप्टरमधून गेले आणि आजूबाजूला संरक्षणासाठी इस्रायली हवाई दलाची हेलिकॉप्टरं होती. तीस वर्षं मान्यता दिलेल्या देशात पाऊल ठेवायला आपल्याला दुसऱ्या दोन देशांचे पंख लागले. त्या दिवशी अनेकांनी राजनैतिक कौशल्याचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. मला मात्र ती हेलिकॉप्टरं पाहून फार वाईट वाटलं होतं.

जुलै २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलचा पॅलेस्टिनी भूभागावरचा ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. ते अमलात यावं म्हणून सप्टेंबरमध्ये महासभेत ठराव आला. १२४ देश बाजूने होते, भारत तटस्थ राहिला. जून २०२५मध्ये गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावरही तटस्थ. इस्रायलशी आपले संरक्षणाचे, शेतीचे, पाण्याचे संबंध आहेत, ते तोडा असं मी म्हणत नाही. ठिबक सिंचनाचा उपयोग मी सोलापूर-जळगावच्या शेतांत पाहिला आहे. पण मित्राला स्पष्ट सांगता येईल एवढी ओळख आता आपली त्यांच्याशी झाली आहे. त्या ताब्याबद्दलचा ठराव पुन्हा महासभेत येईल तेव्हा भारताने तटस्थ न राहता बाजूने मत द्यावं, आणि रामल्लात निवडणूक ठरली तर मतदार याद्यांपासून यंत्रांपर्यंत लागेल ती मदत आपल्या निवडणूक आयोगाने देऊ करावी. निवडणुका घेण्याचा आपल्याइतका अनुभव जगात दुसऱ्या कुणाकडे आहे?