नाफ्प्लिओला उतरलात तर बस सोडून द्या

ग्रीसच्या क्रूझचं बुकिंग झालं की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "अहो, एक दिवस नाफ्प्लिओ म्हणून छोटं बंदर आहे. बसने मायसिनी या प्राचीन शहराच्या अवशेषांची टूर घ्यावी, की गावातच फिरावं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: गावातच राहा.

मायसिनीचं सिंहद्वार बघण्यासारखं आहे, वाद नाही. पण तिथे सापडलेला सोन्याचा मुखवटा अथेन्सच्या संग्रहालयात आहे. तुमच्या वाट्याला येतात उन्हात तापलेले दगड आणि गाइडची छत्री. त्या काळचं काही जवळून बघायचंच असेल, तर नाफ्प्लिओच्या चौकातच १७१३ च्या व्हेनेशियन कोठारात संग्रहालय आहे. तिथे जवळच्या डेंड्रा गावात सापडलेलं सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचं ब्राँझचं चिलखत उभं आहे. हनुवटीपर्यंत चढलेली कॉलर, पोटावर एकाखाली एक पट्ट्या, आणि वर रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण! हे घालून माणूस वाकायचा कसा, देव जाणे.

मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकतात, छोट्या होड्या धक्क्यावर सोडतात. समोर पालामिदी किल्ला दिसतो आणि गड म्हटला की आपल्या लोकांचे पाय शिवशिवतात. पायऱ्या ९९९ असं गावकरी सांगतात. मोजणाऱ्यांच्या मात्र कमीच भरतात. मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे. ऊन चढायच्या आत टॅक्सीने वर जा आणि गुडघे ठणठणीत असतील तरच पायऱ्यांनी उतरा. व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये तो बांधला आणि १७१५ मध्ये तुर्कांनी घेतलाही. एवढा खर्च पाण्यात!

खाली गल्लीत सेंट स्पायरिडनचं चिमुकलं चर्च आहे. स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास १८३१ मध्ये त्याच्याच दारात मारला गेला. दाराशेजारच्या भिंतीत गोळीची खूण काचेखाली जपली आहे. नाफ्प्लिओ तेव्हा देशाची राजधानी होतं. १८३४ मध्ये ती अथेन्सला गेली.

मग जेवण. शाकाहारी असाल तर काळजी नको. 'फावा' मागवा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा, लिंबू आणि सढळ हाताने ऑलिव्ह तेल. 'गिगांतेस' म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्या. तिखटाची अपेक्षा ठेवू नका.

जेवल्यावर सिंतग्मा चौकात कॉफी. बिनसाखरेची 'स्केतो', मध्यम गोड 'मेत्रिओ', गोड 'ग्लिको'. गाळ खाली बसेपर्यंत कपाला हात लावू नका आणि तळाचं पिऊ नका. मागितल्याशिवाय बिल येत नाही, कुणी उठवतही नाही. माझ्या मते या गावातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि बसच्या टूरमध्ये नेमकी तीच बसत नाही.

पोहणारे असाल तर आर्वानितियाचा गोट्यांचा किनारा चालत जाण्याइतका जवळ आहे. रबरी चपला न्या, गोटे टोचतात. परतीच्या शेवटच्या होडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा आणि तिच्या आधीची होडी पकडा. शेवटच्या होडीला सगळं जहाज रांगेत असतं.