तुम्ही विचारलंत म्हणून: गप्पा संपेपर्यंत भडंग कुरकुरीत कसं ठेवायचं?

सांगलीबाहेरची मित्रमंडळी हे हमखास विचारतात. कृष्णेच्या घाटावर नाहीतर हरिपूरच्या संगमावर कागदावर ओतलेलं भडंग, म्हणजे लसूण-तिखट लावलेले चुरमुरे, तासभर कुरकुरीत, आणि आम्ही घरी केलेलं दुसरा विषय निघेपर्यंत चिवट, असं का? बहुतेकांचा संशय मसाल्यावर असतो. मसाला बिचारा निर्दोष आहे. भांडण सगळं ओलाव्याशी.

चुरमुरे टपोरे आणि हलके घ्या, भडंगाचे म्हणून मागितले की मिळतात. ते मुळातच खारे असतात आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पुडा फोडून ठेवला की लगेच सादळतात. पाच-सहा जणांच्या बैठकीला 250 ग्रॅम बास. कडक उन्हात तासभर ठेवा. जुलै-ऑगस्टात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी किती फूट चढलं याखेरीज कुणी काही बोलत नाही तेव्हा, ऊन कुठून आणणार? मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत राहायचं. एक दाणा गार करून बोटांत चुरडा. भुगा झाला तर पुढे जा, नुसता दबला तर आणखी भाजा. इथे घाई केलीत तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही.

एवढ्याला शेंगदाणे 125 ग्रॅम, तेल साधारण 80 मिली, लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या, मूठभर कढीपत्ता. लसूण सालासकट ठेचायचा, वाटायचा नाही. कढीपत्ता धुतला असेल तर फडक्यावर पूर्ण वाळवायचा.

आधी शेंगदाणे मंद आचेवर तळून बाजूला काढा. त्याच तेलात मोहरी, हिंग, मग लसूण. खरी मेख लसणात आहे. मोठ्या आचेवर तो बाहेरून लाल होतो आणि आत ओलाच राहतो. तो ओलावा रात्रभर डब्यात चुरमुऱ्यांत उतरतो आणि सकाळी बोल हवामानाला लागतो. मंद आचेवर बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत परता. पाकळी झाऱ्यावर वाजली पाहिजे. मग कढीपत्ता, तोही मोडेल इतका कडक.

गॅस बंद करा आणि मिनिटभर काही करू नका. उकळत्या तेलात तिखट काळं पडतं आणि कडवट लागतं. आता अर्धा चमचा हळद आणि तीन चमचे तिखट, त्यातलं निम्मं रंगासाठी ब्याडगीचं. हळद आपल्याच गावची म्हणून सढळ हाताने घालायचा मोह होतो, पण जास्त झाली की कच्चट वास मागे राहतो. चमचाभर धने-जिरे पूड घालून चुरमुरे तीन-चार वेळा थोडे थोडे टाका. सगळे एकदम ओतले तर तळचे तेल पिऊन बसतात आणि वरचे पांढरेच. शेंगदाणे मिसळून पुन्हा मंद आचेवर पाच मिनिटं. मीठ चव बघूनच, बहुतेक वेळा लागत नाही.

दोन चमचे पिठीसाखर मात्र भडंग पूर्ण गार झाल्यावर. गरमावर ती विरघळते आणि गोळे धरतात. डाळं, खोबऱ्याचे काप घालणारेही आहेत. घाला बापडे, पण मग त्याला चिवडा म्हणा.

परातीत पसरून तासभर गार होऊ द्या. कोमट असताना डब्यात भरलं की वाफ झाकणाला लागते आणि तिथूनच खाली ठिबकते. कट्ट्यावर नेताना कांदा, कोथिंबीर, लिंबू वेगळ्या पुडीत न्यायचं. कांदा सगळ्यावर टाकणारा एक उत्साही प्राणी प्रत्येक टोळक्यात असतो. त्याच्या हातात पुडी देऊ नका. ज्याने त्याने आपल्या मुठीपुरता घ्यावा, कारण कांदा-लिंबू पडल्यावर पाच मिनिटांत खेळ आटोपतो.

तरी सादळलंच, तर मंद कढईत पाच-सात मिनिटं परतून पुन्हा गार करा. लसूण मऊ राहिला असेल तर आधी तो वेचून काढा, नाहीतर उद्या पुन्हा तेच. आणि डबा उघडण्याआधी एकदा उलटा करून हलवा. तिखट आणि साखर तळाशी जाते, मग पहिल्याला फिकं भडंग मिळतं आणि शेवटच्याला ठसका.