गॅसच्या बटणांचे फोटो

मी ठाण्याला राहतो असे सांगितले की समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटते आणि ‘म्हणजे भिंतीच्या बाहेरच ना?’ असा प्रश्न हमखास येतो. १९०१ सालापासून शहरात असलेल्या मनोरुग्णालयामुळे हा विनोद आम्हा ठाणेकरांना वडिलोपार्जित मिळाला आहे. पुण्यात ठाण्याच्या जागी येरवडा येते (तिथे तुरुंगही असल्यामुळे नेमके कशासाठी जायचे याचा खुलासा करावा लागतो), कोकणात रत्नागिरी आणि विदर्भात नागपूर. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांची गावे शाळेत कोणी शिकवत नाही, पण थट्टेतून ती तोंडपाठ होतात. मनाच्या आजाराविषयी आपली सार्वजनिक माहिती बराच काळ एवढीच होती की एक भिंत आहे, काही माणसे तिच्या आत आहेत आणि आपण, देवाच्या कृपेने, बाहेर आहोत.

व्हॉट्सॲपवरही सुरुवातीची काही वर्षे ही भिंत कायम राहिली. ‘एकदा डॉक्टर एका वेड्याला विचारतात’ अशा थाटाचे विनोद प्रत्येकाकडे किमान तीनदा येऊन गेले असतील, आणि त्यात शेवटी वेडाच शहाणा ठरत असल्याने हसणाऱ्याला आपण उदार असल्याचे समाधानही फुकटात मिळत असे. पुढच्या पिढीने विनोदाचा पुरुष बदलला, तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष झाला. ‘तो वेडा’ मागे पडला आणि ‘माझी अँक्झायटी’ आली. घराला आग लागलेली असताना पुढ्यात कॉफी घेऊन ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारा टोपीवाला कुत्रा एका अमेरिकी चित्रकाराने २०१३ साली काढला. आमच्या कार्यालयात मार्चअखेरीस तो न चुकता हजर होतो. आपल्याला रात्र रात्र झोप लागत नाही हे पन्नाशीच्या मराठी पुरुषाने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगण्याची रीत आपल्याकडे नाही, पण कुत्रा पाठवण्याची आता पडली आहे.

हे सगळे मला मनापासून आवडत होते आणि त्याच भरात मी एकदा आमच्या घरच्या गटात फरशीचे चित्र टाकले. शेकडो फरश्या ओळीत बसवलेल्या, त्यातली एकच तिरकी आणि खाली मजकूर, ‘ओसीडीवाल्यांनी बघू नये.’ (ओसीडी म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा आणणारा आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार.) एकवीस हसरे चेहरे आले. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या, मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणाऱ्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच गटात कोणीतरी टाकला होता, तेव्हा त्याखाली तीन नमस्कार पडले होते. माझ्या चित्राखाली आत्येभावाने मात्र काहीच टाकले नाही.

त्याची आई, म्हणजे माझी आत्या, कडक सोवळ्याची म्हणून अख्ख्या नात्यात प्रसिद्ध होती. पहाटेची अंघोळ झाल्यावर आपला पदर दाराच्या कडीला लागला की काय, अशी शंका आली तरी ती पुन्हा न्हाणीघरात जाई, आणि बाहेर येताना तीच शंका पुन्हा येई. थंडीत तिच्या हातांना भेगा पडत आणि त्यात ती खोबरेल भरत बसे. आम्ही मुले तिला मुद्दाम शिवून पळत होतो, आणि ती रडवेली होऊन चौथ्यांदा बादली भरत असताना मोठी माणसेही हसत होती. सोवळे हा आजार नव्हे. नियम पाळून झाला की पाळणाऱ्याला स्वस्थ वाटते. आत्याला कधीच वाटले नाही, आणि हा फरक आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नाही. मराठीत ओसीडी या आजारासाठी मंत्रचळ हा शब्द आहे. आत्याच्या घरी पूजा, जप, मंत्र सगळे होते, म्हणून तर तो शब्द कोणाला सुचला नाही.

फरशीच्या चित्रानंतर दोन दिवसांनी आत्येभावाने मला एकट्याला एक विनोद पाठवला. ‘माझ्या फोनमधले फोटो. बायको-मुलांचे : ६. बंद असलेल्या गॅसच्या बटणांचे : ४००.’ मला तो कळला नाही, आणि मी उगाच हसरा चेहरा पाठवून मोकळा झालो. तो कळला डोंबिवलीला त्याच्या घरून आम्ही सगळे एका लग्नाला निघालो तेव्हा. शेगडीसमोर उभे राहून त्याने तिन्ही बटणांना बोट लावत ‘बंद, बंद, बंद’ म्हटले, सिलिंडरचा रेग्युलेटर तपासला आणि फोटो काढला. लिफ्टमध्ये त्याने तो फोटो पाहिला. तळमजल्यावर त्याच्या मनात आले की फोटो काढल्यानंतर आपला हात पुन्हा बटणाला लागला असेल, आणि त्या धक्क्याने ते उघडले असेल. ‘अगं, बंद होता ना?’ ‘हो हो, बंद आहे,’ वहिनी म्हणाल्या. तो वर गेला. मुहूर्त अर्थातच चुकला.

फरशीचा विनोद ज्याने रचला त्याला नीटनेटकेपणा माहीत होता, फोटोंचा विनोद रचणाऱ्याला लिफ्ट माहीत होती. पहिल्यामुळे मला ओसीडी हा शब्द मिळाला आणि टेबलावरच्या फायली सरळ रचताना तो मी स्वतःलाच लावूनही घेतला. दुसरा वाचताना आत्येभावाला पहिल्यांदा जाणवले की हे करणारा जगात आणखी कोणीतरी आहे, आणि तो मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. विनोदाने आजाराची टिंगल होते म्हणून हळहळणाऱ्यांशी माझे इथेच पटत नाही. माझी तक्रार ढोबळपणाविषयी आहे, आणि ढोबळ तर ‘सकारात्मक विचार करा’ हा सुविचारही असतो.

डॉक्टरांनी औषध दिले आणि एक चमत्कारिक पथ्यही सांगितले. शंका येऊ द्यायची, जीव घाबरा होऊ द्यायचा आणि तरीही मागे वळून तपासायचे नाही. ती घालमेल काही वेळाने आपोआप उतरते, हे शरीराला अनुभवाने शिकू द्यायचे. फोटो काढणे हेही तपासणेच, म्हणून तेही बंद. वहिनींनाही पथ्य होते. ‘हो हो, बंद आहे’ या आश्वासनाने त्याला पाच मिनिटे बरे वाटे आणि सहाव्या मिनिटाला अधिक मोठे आश्वासन लागे, म्हणून त्यांनी उत्तरच द्यायचे नव्हते. सगळ्यांत अवघड त्यांनाच गेले. पंचवीस वर्षे ‘हो’ म्हणणारी बाई आता ‘असेल, नसेल’ म्हणून चपला घालते, आणि नवरा घाम पुसत मागून जिना उतरतो.

मागच्या रविवारी त्याने फोनमधले बटणांचे सगळे फोटो निवडले आणि पुसायला घेतले. तेव्हा पडद्यावर चौकट आली : ‘तुमची नक्की खात्री आहे का?’ तिचे चित्र त्याने घरच्या गटात टाकले आणि खाली लिहिले, ‘आता यानेही सुरू केले.’ वहिनींनी पोट धरून हसणारे चेहरे ओळीने पाठवले, मीही पाठवले. बाकीचा गट बराच वेळ गप्प होता. मग नाशिकच्या काकांनी विचारले, ‘गॅस गळतोय का? एजन्सीला कळवलेस का?’