प्रोपेलर शाफ्ट घरी बदलताना: क्रॉस, खुणा आणि ग्रीस

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'खट्ट' आवाज येतो. रिव्हर्सला पुन्हा तसाच. गाडी हळू चालली की चिमणीसारखी चिरचिर, आणि साठच्या पुढे गेली की सीटखालून थरथर. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो अशा मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांत ही लक्षणं दिसली, तर संशय आधी प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणारी लांब नळी) आणि त्याच्या क्रॉसवर (टोकांचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) घ्यायचा. थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवत असेल तर पुढची चाकं बघा. बुडाखाली, फरशीत जाणवत असेल तर शाफ्ट. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगात गाडी न्यूट्रल करून बघा. इंजिनचा वेग उतरला तरी थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे.

पाने हातात घेण्याआधी एक काम मात्र कराच. शाफ्ट धुऊन काढा. मृगाचा पाऊस पडला की पांदणीतली काळी माती शाफ्टला आणि चाकाच्या रिमला आतून चिकटते आणि वाळून दगडासारखी होते. शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे मुठीएवढा गोळा एका बाजूला चिकटला तरी गाडी हलते. शेतात जाणाऱ्या गाडीत सुतळी, पाचट, ठिबकची नळी शाफ्टला गुंडाळलेली असू शकते. ती सीलपर्यंत पोहोचली तर तेल गळायला लागतं. नुसत्या धुण्याने थरथर गेली, तर बाकीचा खर्च वाचला.

गेली नाही तर खाली शिरायचं. पण आधी हे लक्षात घ्या: शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये असण्याला काही अर्थ उरत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. हँडब्रेक धरतो तो मागच्या चाकांना, आणि ती तर उचललेली असतात. म्हणून सपाट, कडक जमीन निवडा. शेणाने सारवलेलं अंगण किंवा नांगरटीची कड चालणार नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मग मागचा भाग जॅकने उचला आणि स्टँड मागच्या एक्सलच्या नळीखाली ठेवा, चॅसीखाली नाही. चॅसीखाली ठेवले तर एक्सल लोंबतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि तपासणीच चुकते. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जाऊ नका. विटांच्या थप्पीवर तर नाहीच, वीट न सांगता फुटते. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा असताना हे काम सकाळीच उरकलेलं बरं.

गाडी न्यूट्रलमध्ये, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे पिळा, मग वर-खाली हलवा. प्रत्येक क्रॉसपाशी नीट बघा. क्रॉसच्या चारही टोकांवर टोपीसारखे कप असतात आणि त्यांत बारीक सुयांचं बेअरिंग. कपच्या तोंडाशी लाल पूड दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात. क्रॉस न हलता डिफरन्शिअलची (मागच्या एक्सलच्या मधली दातेरी पेटी) फ्लँज, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडायची चकती, थोडी फिरत असेल, तर तो खेळ डिफरन्शिअलच्या दातांचा आहे. थोडा खेळ तिथे असतोच. फ्लँजच्या मधल्या मोठ्या नटाला हात लावू नका. तो घट्ट केला की आतल्या बेअरिंगचा दाब बिघडतो आणि पुढचं काम फार महाग पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: खुणा. बोल्ट सोडायच्या आधी पांढऱ्या रंगाने दोन्ही फ्लँजवर आरपार एक रेघ मारा. सरकणाऱ्या स्प्लाइनवर (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी दांडा) आणि तिच्या नळीवर दुसरी. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगपाशी तिसरी. हे का, ते समजून घ्या. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा सावकाश होतो. कोन १० अंश असेल तर हा फरक साधारण दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक उलटा करून मिटवतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान (क्रॉसचे कप धरणारे दुभागे) एका रेषेत असतील तरच. स्प्लाइन एखाद-दोन दात सरकून बसली की नवा कोरा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते, आणि दोष बिचाऱ्या क्रॉसला दिला जातो.

फ्लँजचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रिंग पाना किंवा गोटी पानाच वापरा, फिक्स पाना कोपरे खातो. हँडब्रेक ओढून बोल्ट ढिला करा, हँडब्रेक सोडून शाफ्ट फिरवा, पुन्हा ओढा, पुढचा बोल्ट. शेवटचा बोल्ट काढण्याआधी शाफ्ट दोरीने चॅसीला बांधा. एक टोक लोंबत राहिलं तर दुसऱ्या टोकाच्या क्रॉसवर सगळं वजन येतं. मधल्या बेअरिंगच्या कंसाखाली पातळ पट्ट्या असतील तर जशाच्या तशा जपून ठेवा, त्या कोन साधण्यासाठी असतात. शाफ्ट थेट गिअरबॉक्सच्या शेपटात घुसणारा असेल तर बाहेर काढल्यावर तेल गळेल. खाली भांडं ठेवा आणि तोंडात स्वच्छ फडकं कोंबा.

नुसता क्रॉस बदलायचा की अख्खा शाफ्ट? नळीला पोचा असेल, स्प्लाइन वर-खाली हलत असेल, किंवा कप कानाच्या भोकात हाताने फिरत असेल, तर अख्खा शाफ्ट. तिथे नवा क्रॉस टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. नळीवर चिकटवलेले छोटे पत्र्याचे तुकडे बॅलन्सचे असतात, ते घासून काढू नका.

क्रॉस घेताना जुना सोबत न्या आणि वर्निअरने कपचा व्यास व दोन कपांमधली एकूण लांबी मोजा. कप जागेवर धरणारे लॉक (क्लिपा) आतून बसतात की बाहेरून, तेही बघा. बसवताना व्हाइसमध्ये एका बाजूला कपपेक्षा लहान पान्याची गोटी आणि दुसऱ्या बाजूला कप मावेल अशी मोठी गोटी ठेवून दाबा. नेहमी चुकतं ते इथेच: एखादी सुई आडवी पडून कपच्या तळाशी अडकते, कप पूर्ण आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडी मारू नका. कप बाहेर काढा, सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून पुन्हा बसवा. चारही लॉक बसल्यावर कानावर हलका ठोका द्या, म्हणजे क्रॉस मध्यावर येतो. तो हाताने थोडा जड पण अडखळल्याशिवाय वळला पाहिजे. ग्रीस निपलचं (ग्रीस भरायची छोटी तोटी) तोंड ग्रीस गन पोहोचेल अशाच बाजूला ठेवा, नाहीतर ग्रीस कधीच भरलं जाणार नाही.

शाफ्ट चढवताना फ्लँज पुसून कोरडी करा, खुणा जुळवा, आत नायलॉनचं कडं असलेले नट नवे टाका. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने कसा. किती घट्ट कसायचं (टॉर्क) तो आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. टॉर्क पाना नसेल तर अंदाजासाठी हिशेब असा: ३५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे साधारण ७० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सचं तेल गेलं असेल तर त्याच दर्जाचं भरून पातळी बघा.

चाचणी घेताना २०, ४०, ६०, ८० असं टप्प्याटप्प्याने जा. सगळं बरोबर असूनही बारीक थरथर राहिली तर फक्त डिफरन्शिअलकडची फ्लँज सोडून शाफ्ट १८० अंश फिरवून लावा. बऱ्याचदा तेवढ्याने जाते. नाही गेली तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्यावा लागेल. शे-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा कसून बघा.

आणि ग्रीस. लिथियमचं, नंबर २. गन मारताना चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही, तर शाफ्ट त्या कपाच्या विरुद्ध बाजूला दाबून पुन्हा मारा, कारण पुढच्या वेळी खराब होणार तो तोच कप. स्प्लाइनच्या निपललाही द्या. माझ्या मते चिखलात फिरणाऱ्या गाडीला हे दर ५,००० किलोमीटरला हवंच, आणि पावसाळ्यात प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर लगेच, कारण ते पाणी सीलमधून आत शिरतं.